वाटून उरलेला लोभ

॥ श्री ॥

महाल, नागपूर
८ फेब्रुवारी १९७०

आपल्या सेवेशी सुमतीचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आज रविवार. आपण येणार म्हणून सकाळीच पुरणाची डाळ शिजत घातली होती. छोट्या रुळांच्या गाडीतून आपण उतरला नाहीत. आपल्याऐवजी आपल्या शाळेच्या गावाहून, धामणटोलीहून, एक माणूस लाल मिरच्यांचं पोतं घेऊन आला आणि गुरुजींना गावानं थांबवून घेतलं आहे एवढं सांगून बाजाराकडे निघून गेला. पोतं आत ओढताना उसवलं. सासूबाई, उत्तरा, मी आणि वरचे भाडेकरी, सगळे अजून शिंकतो आहोत. नवऱ्याऐवजी मिरच्या आल्या की डोळ्यांत पाणी यायचंच, त्याला शिंकांचं निमित्त मिळालं हे बरं झालं.

मागच्या पत्रात आपण लिहिलंत की गावाने आपल्या खोलीच्या छपरावर नवी कवेलू चढवली. रात्रीचं जेवण घराघरातून पाळीने येतं हेही लिहिलंत, आणि सोमवारी पंचफुलाबाईंची पाळी असते तेव्हा वांग्याची भाजी अशी असते की. 'की'च्या पुढे आपण काही लिहिलंच नाहीत. पंचफुलाबाई म्हणजे त्याच ना, ज्यांचे यजमान खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला आहेत आणि ज्या एकटीच्या बळावर मिरचीचं वावर करतात? बाई कष्टाळू आहे, मला काही म्हणायचं नाही. फक्त अकरा वर्षांत माझ्या भाजीपाशी आपली लेखणी अशी कधी अडखळली नाही.

इकडची हकीकत अशी की मला महापालिकेच्या शाळेत आता सोळावं वर्ष लागलं. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. तपासनीस साहेब माझ्या दुसरीच्या वर्गात बराच वेळ बसले, एकेका मुलाला उभं करून वाचायला लावलं, आणि जाताना म्हणाले की इतकं स्वच्छ वाचणारा दुसरीचा वर्ग त्यांनी जिल्ह्यात पाहिला नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला कोपऱ्यातला गळका वर्ग दिला. आमच्याकडे आईबाप येतात ते पोराची पाटी कोणी फोडली हे विचारायला. शिक्षकदिनाला पदराला एक कागदी झेंडा टोचतात, की झालं. शाळेतून येऊन चूल पेटवायची पाळी रोज माझीच असते.

हिंगण्याच्या शाळेत जूनपासून जागा रिकामी होते आहे असं कळलं. दिवाळीत आपण आईंना जवळ बदली मागून घेण्याचा शब्द दिला होता. हिंगणं म्हणजे सायकलीवरून जाण्यायेण्यासारखं; रोज दिवेलागणीला घरी. उत्तराचं म्हणाल तर आपण आलात की ती दारातूनच मला हाक मारून कळवते की बाबा आले आहेत, जसं वरच्या भाडेकऱ्यांकडे पाहुणे आल्याचं कळवते. अर्ज करावा. आणखी काय लिहू?

लोभ आहेच. गावात वाटून उरला तर थोडा इकडेही पाठवावा.

आपली,
सुमती

॥ श्री ॥

धामणटोली, पो. भिवापूर
१५ फेब्रुवारी १९७०

सौ. सुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

पत्र पावलं. पुरणाची डाळ वाया गेली याचं वाईट वाटलं. त्या रविवारी मला निघताच आलं नाही. शाळेची मागची भिंत ढासळली होती, तर सरपंच चंद्रभान पाटलांनी दवंडी दिली आणि घरटी एक माणूस आला. मिरचीची तोडणी सोडून बाया माती तुडवायला आल्या. भिंत माझ्या शाळेची, आणि मी पिशवी घेऊन स्टेशनाची वाट धरायची, हे कसं दिसलं असतं? तिन्हीसांजेला भिंत उभी झाली. मुलांनी तिच्यावर आधीच गेरूने मोर काढला आहे.

तू म्हणशील, एवढं काय केलं या माणसाने. मलाही तेच वाटतं. मी शाळा चालवतो, आणि गावाची पत्रं वाचतो नि लिहितो, एवढंच. अर्ध्या घरांचे पुरुष खापरखेड्याला. चार बुकं शिकलेले दोघेतिघे गावात आहेत, पण त्यांच्याकडून वाचून घेतलं की मजकूर विहिरीवर पोचतो. माझा नेम तुला माहीत आहे: सांगतील तेच लिहायचं, असेल तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाही नि गाळायचं नाही. मागे मारोतरावांच्या भावाचं पत्र आलं, त्यात निम्म्या शिव्या होत्या. मी त्या त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या सुनांसमोर, सगळ्या वाचल्या. मारोतराव शांतपणे ऐकून म्हणाले की अक्षर कोणाचंही असो, शिव्या भावाच्याच आहेत, ओळखू आल्या. तेव्हापासून गावाचा विश्वास बसला.

हिंगण्याचा अर्ज काल टपालात टाकला. गावात अजून बोललो नाही. सवडीने बोलेन. कवेलूंचं म्हणशील तर ती अजून कोरी लाल आहेत, दुरून फार छान दिसतात.

ती. आईस साष्टांग नमस्कार. चि. उत्तरास आशीर्वाद. तब्येतीस जपावे, माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
विश्वनाथ

॥ श्री ॥

महाल, नागपूर
१ मार्च १९७०

आपल्या सेवेशी सुमतीचा नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. भिंतीवर दोन पानं आहेत, मोरावर एक ओळ आहे, कवेलूंचा रंगही कळला. तपासनीस साहेब माझ्या वर्गाला काय म्हणाले ते मी लिहिलं होतं. त्यावर काही आढळलं नाही. टपालात पान गहाळ झालं असेल.

अर्ज गेला, जीव भांड्यात पडला. पाडव्याला तरी यावं. गुढी उभारायला घरात पुरुषमाणूस नाही म्हणून दरवर्षी वरचे भाडेकरी उभारून देतात, आणि वर्षभर त्यांची ऐट सोसावी लागते.

गावाचा कंटाळा आला तर आमची आठवण ठेवावी.

सुमती

॥ श्री ॥

धामणटोली
९ एप्रिल १९७०

सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

रागावली असशील, आणि तुझा राग रास्त आहे. पाडव्याला निघणार तोच चंद्रभान पाटलांनी निरोप धाडला की गावाने माझा सत्कार ठरवला आहे, आणि पाडव्यालाच. मी नको म्हटलं. इथे नको म्हटलं की लोकांना वाटतं माणूस लाजतो आहे, मग ते दुप्पट करतात.

शाळेपुढे मांडव घातला. पाणी भरणाऱ्या म्हाताऱ्या बापूजींनाही धोतरजोडी दिली, आणि ती कल्पना पंचफुलाबाईंची. त्या म्हणाल्या की पोरांना तहानेलं ठेवून कोणता गुरुजी शिकवू शकतो. मला शाल, नारळ, आणि मिरच्यांची माळ. फुलं महाग नाहीत, पण मान मिरचीचाच असतो असं इथे मानतात. गळा अजून चुरचुरतो.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. सत्कार जोडीनं व्हावा असा इथला रिवाज. तू नाहीस, तर पूजेत करतात तसं माझ्या शेजारच्या पाटावर सुपारी मांडली. बायांनी सुपारीला हळदकुंकू लावलं, खण वाहिला, ओटी भरली. तो खण आणि नारळ मी जपून ठेवले आहेत, येताना आणीन. म्हणजे एका परीने तू होतीसच.

अर्जाचं गावात बोलायचं राहिलं. मांडवात कसं बोलणार?

लोभ उणा होऊ नये.

विश्वनाथ

॥ श्री ॥

महाल, नागपूर
१३ एप्रिल १९७०

आपल्या सेवेशी सुमतीचा नमस्कार.

माझ्या जागी सुपारी बसली, हे वाचून धन्य झाले. सुपारीची ओटी भरली, तिला खण मिळाला, तिच्यापुढे बाया वाकल्या. मग सोय झालीच आहे, तर तिला नागपूरलाही पाठवून द्यावं. सकाळी साडेसातला महापालिकेच्या शाळेत जाईल. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालील. आपण यायच्या रविवारी पुरणाची डाळ शिजत घालील, आणि आपण आला नाहीत तर एक शब्द बोलणार नाही. माझ्यापेक्षा गुणाचीच निघेल.

खरं सांगू? मला शाल नको आणि खणही नको. पण त्या मांडवात आपल्या शेजारी कोण बसायला हवं होतं, हा विचार पत्र आल्यापासून मनातून जात नाही. अख्खा पाडवा मी आपली वाट पाहत स्वयंपाकघरात काढला. गुढी भाडेकऱ्यांनीच उभारली. बापूजींचा सत्कार झाला हे वाचून आनंद झाला, आणि लगेच त्या म्हाताऱ्याचाही हेवा वाटला. इतकी मी खाली आले आहे.

हुकूम आला का, एवढं कळवावं. बाकी कुशल.

सुमती

॥ श्री ॥

धामणटोली
१९ एप्रिल १९७०

सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

हुकूम आला. जूनपासून हिंगणा. शाळा ९ मेला बंद होते, त्या दिवशी मी इथून मोकळा.

पण मी मोठ्या पेचात सापडलो आहे. हुकूम आला ते टपालवाल्याने वाटेतच सांगितलं, आणि मी उघडून वाचेपर्यंत ओट्यावर माणसं जमली. सगळ्यांनी धरून चाललं की सरकारने मला उचललं. चंद्रभान पाटील तावातावाने म्हणाले की साऱ्या गावाला छोट्या गाडीने नागपूरला नेऊन मोठ्या साहेबांच्या कचेरीपुढे बसवतो, बदली रद्द होईस्तोवर उठायचं नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावला. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की बाबांनो, मीच मागितली. तोंड उघडलंही होतं. पण इतकी माणसं माझ्यासाठी रडताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, सुमती, आणि ते मला थांबवावंसं वाटलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

पंचफुलाबाई तुला पत्र लिहायचं म्हणतात. कोणाकडून लिहून घेणार ते तुझ्या लक्षात येईलच. मी पुष्कळ टाळून पाहिलं. आता तू ते माझ्या अक्षरात वाचशील. एवढंच ध्यानात ठेव की अक्षर माझं आहे, शब्द त्यांचे.

आईस नमस्कार. कृपा करून राग आवरावा.

विश्वनाथ

धामणटोली
२१ एप्रिल

सुमतीबाईले पंचफुलाचा राम राम.

बाई, तुमी मले पाह्यलं नाही अन् म्या तुमाले पाह्यलं नाही. हे पत्र मी सांगून राहिली अन् गुरुजी लिहून राहिले. गुरुजी म्हनत होते का दुसऱ्या कोनाजवळून लिहून घे. म्या म्हटलं, काहून जी? अकरा वर्स माह्या घरचं पत्र तुमच्याच हातानं गेलं, आता एवढ्या मोठ्या पत्राले मी कोनाचं कोंबडीच्या पायाचं अक्षर पाहू? तवा बसले लिहाले.

बाई, सरकारनं आमच्यावर जुलूम केला. गुरुजीले हिंगन्याले धाडून राहिले. तिथं कंपन्या आहेत, मोटारी आहेत, तिथं मास्तर बी लाइन लावून येतीन. आमाले कोन भेटते? यायच्या आधी जे आले ते पावसाळा लागला का पळाले. यायनं शाळा झाडाखालून कवेलूखाली आनली. माह्या घरधन्याचं पत्र आलं का गुरुजी वाचून देतेत, अन् गावात एक सबद फुटत नाही. नवऱ्याच्या पत्रात काय काय रायते हे तुमाले सांगाले नको. ते मी आता कोनाच्या तोंडून आयकू?

तुमाले वाईट वाटत असन, समजते मले. माहा बी मानूस दूरच हाये. पन तुमचं बरं हाये वं बाई. तुमी शहरात घरी बसल्या हा. नळाचं पानी हाये, वावरात जाचं नाही, कोनाची चाकरी कराची नाही. गुरुजी सोता म्हनतेत का घरी माह्यावाचून कोनाचं काही अडत नाही, सुमती समदं पाहून घेते. आमचं अडते बाई. लई अडते.

आमी नागपूरले येऊन साहेबाच्या हापिसापुढं बसनार आहो. तुमी बी येजा आमच्यासंग. साहेबाले म्हनजा का माह्या मानसाले तिथंच राहू द्या. खुद बायको म्हनून राहिली तं साहेब काय करन?

मिरच्या पुरल्या का? अखीन धाडतो. चुकलं माकलं पोटात घालजा.

पंचफुला, तिचा अंगठा
लेखनिक: वि.

॥ श्री ॥

महाल, नागपूर
२५ एप्रिल १९७०

सौ. पंचफुलाबाईंना सुमतीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. हे माझं पत्र तुम्हाला गुरुजीच वाचून दाखवणार हे मी जाणून आहे. म्हणून आधीच सांगते, चार जणांना बोलावून घ्या, चंद्रभान पाटलांनाही बोलवा, आणि मग वाचायला लावा. गुरुजींचा नेम आहे की असेल तेच वाचायचं. आज तो नेम पाहू.

पंचफुलाबाई, सरकारने तुमच्यावर जुलूम केलेला नाही. हिंगण्याची बदली गुरुजींनी स्वतः अर्ज करून मागितली. त्यांच्या मनात होतं की नव्हतं ते मला माहीत नाही, पण मी त्यांना अर्ज करायला लावला. तेव्हा साहेबांच्या कचेरीपुढे उन्हात बसू नका. बसायचंच तर माझ्या दारात येऊन बसा, तुमची वैरीण इथे राहते.

दुसरं असं की मी घरी बसलेली नाही. मी सोळा वर्षं शिक्षिका आहे. तुमचे गुरुजी मुलांना शिकवतात तशीच मीही शिकवते, रोज, साठ मुलांच्या वर्गाला. तुम्हाला हे अकरा वर्षांत कोणी सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

आणि घरी काही अडत नाही, हेही खरं. चूल पेटते, आईंना औषध मिळतं, भाडं वसूल होतं. फक्त मागच्या महिन्यात आमच्या उत्तराला शाळेत वडिलांवर निबंध लिहायला सांगितला, तर तिने धामणटोलीवर लिहिला. कवेलू, डब्याच्या पाळ्या, भिंतीवरचा मोर. वडिलांविषयी तिला तेवढंच ठाऊक आहे. निबंधाला चांगले गुण मिळाले. याला अडणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मला तुमचा हेवा वाटतो, पंचफुलाबाई. माझा नवरा दर सोमवारी तुमच्या हातचं जेवतो, तुमच्या दुःखात बसतो, तुमच्या नवऱ्याचे लाडाचे शब्द तुम्हाला वाचून दाखवतो, आणि स्वतःच्या बायकोला मात्र कवेलूंचा रंग कळवतो. तुम्ही त्यांना जीव लावलात, त्यासाठी मी तुमच्या पाया पडायला हवं. ते माझ्याने होत नाही. मला माझा माणूस हवा आहे.

मिरच्या पुरल्या. गैर वाटलं तरी मनात ठेवू नका, सांगा.

सुमती

॥ श्री ॥

धामणटोली
३० एप्रिल १९७०

सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचलं. शाळेपुढच्या कडुनिंबाखाली, सगळ्यांसमोर, तू सांगितलंस तसंच.

अर्ज मीच केला ही ओळ मी स्पष्ट वाचली. वाटलं होतं जमीन दुभंगेल, तसं काही झालं नाही. चंद्रभान पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले की गुरुजी आधी बोलले असते तर गाव असं तोंडघशी पडलं नसतं. ते बरोबरच होतं.

पण पुढचं वाच. तू सोळा वर्षं शिक्षिका आहेस ही ओळ आली, तेव्हा माझा आवाज आपोआप उतरला. गाळली नाही, पुटपुटलो. पंचफुलाबाई अकरा वर्षं माझं वाचणं ऐकताहेत. त्यांच्या कानाने ते लगेच पकडलं. हात वर करून त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा, मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली. त्यांनी अजून एकदा वाचायला लावली. मग विचारलं की गुरुजींच्या आईच्या डोळ्यांपासून पोरीच्या गोवरापर्यंत सगळं गावाला ठाऊक आहे, तर बाई बी मास्तर आहे हे तेवढं कसं राहून गेलं. मी म्हणालो की तसा विषय निघाला नाही. एकूण एक बाई माझ्याकडे बघत होती.

तुलाही विषय निघाला नाही असंच सांगणार होतो. पण ते पटणार नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आपण ट्रेनिंगची परीक्षा बरोबरच दिली. निकाल लागला त्यात तुझं नाव पुष्कळ वर होतं आणि मला माझं शोधायला बोट खाली खाली न्यावं लागलं. आईने पेढे वाटले ते माझ्या नावाने, आणि तू ताट धरून मागे उभी होतीस. महालात मला ते सारखं दिसायचं. इथे आलो तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं. इथे मी एकटाच गुरुजी होतो. तपासनीस साहेबांचं तू लिहिलंस ते पान गहाळ झालं नव्हतं.

पंचफुलाबाईंनीच शेवटी निकाल दिला. म्हणाल्या की एका बाईचा माणूस अकरा वर्षं अडकवून ठेवला आणि त्याला आपण गुरुजीचा मान म्हणत बसलो. आता जाऊ द्या त्याले. नागपूरला जायचं रद्द झालं. इतकंच नव्हे, दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीला लागून चूल आणि मोरी बांधायला घेतली आहे. नव्या गुरुजींनी बायकोला घेऊनच यायचं, अशी गावाने अट घातली आहे. बायका तिच्यासाठी भिंती सारवताहेत. मी आत वर्ग घेतो आणि बाहेर त्यांचं हसणं ऐकू येतं. त्या माणसाचं अजून नावही कोणाला ठाऊक नाही, तरी मला तो आवडत नाही.

शनिवारी, ९ तारखेला, शेवटचा तास घेऊन निघतो. तू नको म्हणालीस तरी मी समजेन.

विश्वनाथ

॥ श्री ॥

महाल, नागपूर
४ मे १९७०

आपल्या सेवेशी सुमतीचा कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपलं पत्र शाळेतून आल्या आल्या वाचलं आणि इतकी चिडले की ते पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. सासूबाईंशी उगाच भांडले. उत्तराला फाटक्या परकरावरून बोलले. जी चूल-मोरी अकरा वर्षांत माझ्यासाठी कोणी बांधली नाही, ती आता दुसऱ्याच बाईसाठी बांधली जाते आहे. तिचं नाव कळलं तरी मला लिहू नये. ती सुगरण निघाली तर तेही लिहू नये.

मग जेवणं झाल्यावर पत्र पुन्हा काढलं. ज्या ओळीवर आपला आवाज उतरला त्या ओळीपाशी थांबले. आणि मला हसू यायला लागलं. सासूबाईंना वाटलं उन्हाने डोकं फिरलं; त्यांनी कांदा फोडून आणला.

हेवा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. अकरा वर्षं मी आपल्या गावाचा केला. आपल्या शाळेचा केला, बायांचा केला, ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांचा केला. हेवा करणारा माणूस दुसऱ्याची गोष्ट कधी विसरत नाही, एवढं मला अनुभवाने कळलं आहे. तो ती गोष्ट तोंडी येऊ देत नाही, कारण ती त्याला दिवसरात्र दिसत असते. आमच्या मोठ्या बाईंना माझा वर्ग दिसला नाही. आईबापांना दिसला नाही. साहेब बोलले आणि फाटकाबाहेर गेल्यावर विसरले असतील. माझं शिकवणं इतकं चांगलं आहे की ते लपवण्यासाठी एका माणसाला घर सोडून छोट्या गाडीने इतक्या लांब जाऊन अकरा वर्षं राहावं लागलं, हे मला आज कळलं. सोळा वर्षांच्या नोकरीत माझा इतका मोठा सत्कार कोणी केला नव्हता.

शनिवारी जरूर यावं. उत्तराला घेऊन मी इतवारी स्टेशनावर येते.

लोभ असावा. हेवाही असू द्यावा.

आपली,
सुमती